शालूबाईनं मशेरी सोडली

"आगं ए! बिळातल्या घुशी धूर करून भायेर काढत्यात, तसं काढतीस का आमाला?"

दर सोमवारी दिवस उगवायच्या आत कोंढारवस्तीवर हा आरडाओरडा व्हायचाच. ओरडणारा अर्जुना. मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं ओझी वाहून गावी परतलेला, वय बहात्तर. आणि धूर त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या तव्यातला. तंबाखूची पानं तव्यावर टाकून ती खाली बाभळीची काटकं सारायची. पानं करपून काळीठिक्कर झाली की वरवंट्यानं रगडायची. त्या धुरानं गोठ्यातल्या शेळ्या शिंकायच्या, आणि अर्जुना खाटेवर उठून बसून खोकायचा.

"तुमी जल्मभर वडलेल्या इड्या काय उदबत्त्या हुत्या व्हय?" शालूबाई आतनं विचारायची.

त्यावर अर्जुना पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. भांडण तिथंच मिटायचं.

मशेरी झाली की आठवडाभर रोज सकाळी दारापुढच्या दगडी कट्ट्यावर बायका जमायच्या. हिराक्का, तानूबाई, आणखी चार-पाच जणी. एका डबीतली चिमूट बोटावर घ्यायची आणि तासभर हिरड्यांवरनं बोट फिरवत बसायचं. मशेरीची खरी करामत अशी की बोट तोंडात असतानाही बोलता येतं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सरपंचाच्या पोराची सोयरीक कशानं मोडली, पाण्याचा टँकर कुणाच्या दारात आधी थांबतो, सगळा निवाडा ह्या काळ्या बोटांच्या सभेत व्हायचा. मधेच पचकन थुंकायचं आणि पुढं चालू.

शालूबाईला हे वळण सासूनं लावलं. पहिल्या बाळंतपणात तिची दाढ ठणकायला लागली. दवाखाना बारा कोसांवर आणि एस्टी आठवड्यातनं दोनदा. सासूनं आपल्या डबीतली चिमूट दाढेवर दाबली. ठणका गेला, मशेरी राहिली. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

माघ सरता सरता शाळेत दातांचं शिबिर आलं. शालूबाई तिथं गेली ती दाखवायला नव्हे, मिरवायला. वय सदुसष्ट आणि तोंडात एकोणतीस दात. वस्तीवर तिच्या वयाच्या दुसऱ्या कुणाकडं एवढी इस्टेट नव्हती.

तपासायला ज्ञानदा म्हणून सांगलीकडची तरणी डॉक्टरीण होती. दहिवडीला तिनं दवाखाना थाटला होता. तिनं बॅटरी मारली, चिमट्यानं दोन-चार दात हलवून पाहिले.

"आजी, दात चांगले आहेत."

शालूबाईनं मागं रांगेतल्या हिराक्काकडं वळून पाहिलं.

"पण हिरड्या गेल्यात." डॉक्टरणीनं तिच्या हातात आरसा दिला. "हे बघा. हिरडी किती खाली सरकलीय. मुळं उघडी पडलीत. आणि हा जो काळा थर आहे ना, त्यानं दात धरून ठेवलेत. हिरडीनं नाही."

शालूबाईनं आरशात पाहिलं. ओघळीच्या काठची माती दर पावसाला धुपते आणि बाभळीची मुळं हवेत लोंबकळतात, तशी तिच्या दातांची गत झाली होती. माती अडवायला शेतात ताली घालायला ती कधी चुकली नव्हती. तोंडातली माती मात्र अठ्ठेचाळीस वर्षं वाहून चालली होती.

"आवं, पर दुखत तर कायबी न्हाई!"

"मशेरीनं बधिर झालंय सगळं. मशेरी आजपासून बंद करा. दवाखान्यात दोन खेपांत साफ करून देते. मग रोज दोनदा ब्रशनं घासायचं, हलक्या हातानं. समोरचा हा एक दात हलतोय, त्याचं सांगत नाही. बाकीचे राहतील. नाही ऐकलंत तर दोन-तीन वर्षांत कवळी."

शाळेच्या भिंतीवर तंबाखूनं कॅन्सर होतो असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याला शालूबाई कधी भ्याली नव्हती. पण कवळी म्हटल्यावर ती भ्याली.

कारण कवळी तिच्या घरातच होती. तिचा धाकटा दीर नानासो, रंडका माणूस, दोन वेळ तिच्याकडंच जेवायला यायचा. त्यानं बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडनं दातांचा जोड घेतला होता. तो सदऱ्याच्या खिशात राहायचा, लग्नाला, बारशाला आणि फोटोला तोंडात जायचा. जेवायच्या वेळी बाहेर निघायचा, कारण तो घालून जेवलं की हिरडी सोलून निघायची. खायचे दात काढून ठेवून जेवणारा दुसरा माणूस माण तालुक्यात नसावा. अकरा वर्षं शालूबाई त्याची भाकरी दुधात कुस्करून देत होती.

ती अर्जुनाला घेऊन दहिवडीला दोन खेपा गेली. खुर्चीत आडवी पडली. यंत्रानं कुरकुर केली, आणि जुन्या भिंतीवरचे चुन्याचे पोपडे निघावेत तसे काळे खपले निघाले. घरी आल्यावर बायका तोंड बघायला जमल्या.

"आगं बया," तानूबाई म्हणाली, "दोन दातांतनं करडू जाईल की गं पलीकडं!"

"म्या आधीच म्हणलं हुतं," हिराक्का म्हणाली. "किटण हाय तवर दात हाय. भिताडाची माती काढल्यावर दगडं ऱ्हात्यात व्हय?"

"तुजं त्वांड बघ आधी, मग बोल," शालूबाई म्हणाली. पण जीभ सारखी त्या फटींत जात होती, आणि मनात धाकधूक होती.

तिनं मशेरीचा तवा गोठ्यात टांगला. तिथनं खरी परवड सुरू झाली. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी ती अर्जुनाच्या, शेळ्यांच्या आणि पाण्याच्या टँकरवाल्याच्या अंगावर गेली. तिसऱ्या दिवशी एक वेगळीच अडचण उभी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षं तिचं पोट मशेरीच्या तालावर चालत होतं. मशेरी थांबली तशी पोटानंही संप केला. सकाळी ती डबडं घेऊन जायची आणि तशीच परत यायची.

"काय गं?" अर्जुना दारातच विचारायचा.

"गप ऱ्हावा."

"न्हाई, म्हणलं दात ऱ्हातील, पर माणूस फुटंल."

"तुमी फुटा!"

चौथ्या दिवशी एरंडेलानं काम केलं. वस्तीला कळायला वेळ लागला नाही, कारण अर्जुनानंच सांगितलं.

कट्टा मात्र ओस पडला. बायकांनी आपली बैठक हिराक्काच्या ओट्यावर नेली. सकाळी शालूबाई एकटीच दारात उभी राहून ब्रशनं तोंडाला फेस आणायची, आणि पलीकडनं हसण्याचा खळखळाट यायचा. कुणावर हसतात ते कळायचं नाही. बहुतेक आपल्यावरच, असं वाटायचं. मशेरी सुटली ते एकवेळ सोसलं असतं. पण वस्तीवर काय चाललंय हे आता तिला अर्जुनाकडनं कळायला लागलं होतं, आणि अर्जुनाला कधीच काही धड माहीत नसायचं.

आठव्या दिवशी रक्त आलं. गुळणी थुंकली ती लालसर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हिराक्का कुंपणाशी उभीच होती.

"बघ! मशेरीनं कवा रगत काढलं हुतं तुजं? तारेचा घासणा हाय त्यो, तारेचा. भांडी घासाय द्येत्यात आन् तू तोंडात घालतीस. आगं, आपल्या सासवांच्या तोंडात कवा बरुश हुता? चल, ये ओट्यावर."

शालूबाई गेली.  बायकांनी सरकून जागा दिली, डबी पुढं केली. तिनं चिमूट बोटावर घेतली. नुसत्या वासानंच डोळे भरून आले. बोट ओठापर्यंत गेलं, तेवढ्यात वाटेवरनं नानासोनं हाक मारली, "वैनी, वाढतीस का? रानात जायचं हाय."

"आले, भावजी."

बोट पदराखाली झाकून ती घरात गेली. डाव्या हातानं दूध ओतलं, भाकरी कुस्करली. शेजारी अर्जुना हुरड्याची कणसं भाजत बसला होता. नानासोनं एक गरम दाणा उचलून तोंडात टाकला, या गालातनं त्या गालात फिरवला, चघळला, आणि शेवटी तसाच्या तसा तळहातावर काढला.

"लोकं म्हणत्यात म्हातारपणी चव जाती," तो दाण्याकडं बघत म्हणाला. "खोटं हाय वैनी. चव जात न्हाई. चव तशीच ऱ्हाती आन् वाट बघत बसती."

तो आयुष्यात एवढं लांबलचक कधी बोलला नव्हता. दाणा त्यानं कोंबडीला टाकला आणि वाटी तोंडाला लावली.

शालूबाई मोरीत गेली. तांब्याभर पाणी बोटावर ओतलं, फाल्गुनातलं, टँकरचं पाणी. मग अर्जुनाचा फोन घेऊन डॉक्टरणीला लावला.

"बाई, रगत येतंय. मारतीस का काय मला?"

"येऊ द्या," पलीकडनं आवाज आला. "हिरड्या आधीच सुजलेल्या होत्या, आजी. मशेरीनं रक्त दाबून ठेवलं होतं. आता तो दाब गेलाय, म्हणून दिसतंय. घासणं थांबवू नका. अजून पंधरा दिवस घासा. नाहीच थांबलं तर माझ्याकडं या."

शालूबाई तशीच हिराक्काच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. "ऐका गं सगळ्या. आजपास्नं पंधरा दिस. सोळाव्या दिशी सगळ्यांच्या म्होरं थुंकंन. रगत आलं तर जल्मभर तुमास्नी मशेरी भाजून घालीन. न्हाई आलं, तर कट्ट्यावर माघारी यायचं, आन् डब्या घरी ठिवून यायचं."

"बघू की," हिराक्का म्हणाली. "पळून जाऊ नगंस म्हंजे झालं."

त्या पंधरा दिवसांत आख्ख्या वस्तीला शालूबाईच्या थुंकीचा घोर लागला. टँकरवालासुद्धा विचारायचा, "मावशे, आज कसं हाय?" ती रोज दोनदा घासायची, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची आणि शेवग्याच्या बुडात थुंकून वाकून बघायची. दहाव्या दिवशी गुलाबी. बाराव्या दिवशी नुसता एक तंतू. तेराव्या दिवशी पुन्हा लाल, आणि ती दिवसभर जेवली नाही.  संध्याकाळी अर्जुनानं स्वतःच चहा करून तिच्यापुढं ठेवला. साखर घालायची तेवढी विसरला होता.

सोळाव्या दिवशी कट्ट्यावर सगळ्या जमल्या. थुंकायला पांढरं काही हवं म्हणून तानूबाईनं आतनं बशी आणली.

"आगं ती माझी च्याची बशी!" अर्जुना ओरडला. कुणी लक्ष दिलं नाही.

शालूबाईनं घासलं, खालनं, वरनं, आतनं. समोरचा तो एक दात अजून हलतच होता, पण बाकीचे घट्ट होते. ती बशीत थुंकली. सात डोकी बशीवर वाकली.

"दिसत न्हाई."

"उनात धरा की."

"काडीनं ढवळून बघ गं तानू, खाली बसलं असंल."

तानूबाईनं ढवळून पाहिलं. उन्हात धरून पाहिलं. बशी तिरपी केली. पांढरा फेस आणि पाणी. त्यात लाल ठिपकासुद्धा नव्हता.

 हिराक्कानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून पाहिलं. मग हात पुढं केला.

"आण तुजा बरुश हिकडं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? घासून बघती."

"माझ्या बरुशानं? हुंगायलाबी मिळायचा न्हाई. आपापला आणायचा!"

"आता गं! अठ्ठेचाळीस वर्सं एका डबीत बोटं घातली आपुन. आन् बरुश तेवढा सोवळ्यात व्हय?"

"व्हय, सोवळ्यात!" शालूबाईनं ब्रश पदरात बांधला. एवढी मोठी जीत झालेली, पण ती साजरी करायचं सोडून दोघी ब्रशावरनं अर्धा तास भांडल्या.

पुढच्या सोमवारी अर्जुनाला जाग आली तेव्हा चांगलंच उजाडलं होतं. जुन्या सवयीनं तो पडल्या पडल्या खोकायची वाट बघत राहिला. खोकला येईना. धूर तर तवा टांगल्यापासूनच नव्हता.  पण आज बाहेर आवाजही नव्हता. ना हसणं, ना कुणाची सून, ना सरपंचाचा पोरगा. लग्न झाल्यापासून अशी सकाळ त्यानं ह्या घरात पाहिली नव्हती.  तो टोपी घालून घाईनं दाराशी आला.

कट्ट्यावर सातही जणी ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात वेगळ्या रंगाचा नवा ब्रश होता, गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. तोंड उघडलं की फेस लुगड्यावर सांडतो, हे त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून सगळ्या खाली माना घालून, गंभीर चेहऱ्यानं, नुसत्या घासत होत्या.

"आगं," अर्जुना हळूच म्हणाला, "कोण गेलं?"

हिराक्कानं मान हलवली. तानूबाईनं हात हलवला. शालूबाईनं डोळे मोठे करून काहीतरी सांगायचा यत्न केला, पण एकीलाही तोंड उघडता येईना.

तेव्हा अर्जुनानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून खाली बसला.