पानावरचा पाव

शेवंतीकाकींनी पितृपक्षातल्या म्हाळाची सात पानं वाढली आणि आठवं वेगळं मांडलं. भात, खतखतं, वडे, खीर. शेवटी डब्यातून पाव काढून कडेला ठेवला.

तेजस्विनीने मांडीवरच्या लेकीला, तनयाला सावरलं.

"काकी, म्हाळाच्या पानार पाव?"

"तो पाव खाणारो मनीस, बाय. नुसत्या भातान तेचा पोट भरात?"

"ऐंशी वर्सां जेवता," अंगणातून कृष्णनाथकाका म्हणाले, "अजून तक्रार नाय."

तेजस्विनी डिचोलीहून आली होती ती विमानासाठी. महायुद्धात तेरेखोलच्या किल्ल्यासमोर ते बुडालं, त्यात दोघे होते. वैमानिकाला एका जहाजाने उचललं. बिनतारी यंत्रावरचा लेस्ली सापडलाच नाही. त्याची मुलगी मार्गारेट आता ब्याऐंशी वर्षांची. दर महिन्याला इंग्लंडहून तेजस्विनीला एकच विचारायची, बाबांचं थडगं मिळालं का? तनया झोपली की तेजस्विनी कागद उघडायची. दोन वर्षांत किनाऱ्यावरच्या सगळ्या दफनभूमींच्या वह्या तिने पालथ्या घातल्या होत्या. केरीच्या या काकांची जाळी त्या विमानात अडकतात, एवढंच तिला परवा कळलं होतं.

"कोण तो, काका?"

काका हात पुसत ओटीवर टेकले.

"इमान पडला त्याच्या तिसऱ्या दिसा बापाशीच्या जाळ्यात गावलो. पोर्तुगीज फिरंग्यांका कळला तर मार पडतलो, म्हणान थंयच वाळूत जाळलो. आग धरल्यार शर्टाचो गळो सुटलो." त्यांनी स्वतःच्या गळ्यापाशी बोटाने क्रूस काढला. "आत खुरीस. किरिस्तांवाक जाळलो. बापाशीच्या मनाक तां मरेसर लागान रवला. ह्या पान तेनीच सुरू केल्यान."

तेजस्विनीने पिशवीतली वही बाहेर काढली आणि न उघडताच परत आत सरकवली.

"नाव काय तेचा?" काकांनी विचारलं.

"लेस्ली."

"लेस... ली." काकांनी ते जपून उच्चारलं. "मागे कोण?"

"एक मुलगी. तो गेला तेव्हा चार महिन्यांची. अजून थडगं शोधतेय."

तनयाने पावाकडे हात लांबवला होता. शेवंतीकाकींनी तो हात हळूच आपल्या मुठीत धरून ठेवला.

काकांनी कावळ्यांसाठी बाहेर ठेवायला ते पान उचललं. पायरीपाशी गेले आणि थांबले.

"लेक जिती आसा?"

"हो."

"मगे तिका विचारूक व्हया गे. तिच्या बापाशीक आमी जाळलो. पान वाढतो, तांय तिका चलता काय नाय, कोणाक ठावक."

"तिकडे आता सकाळ झाली असेल," तेजस्विनी म्हणाली. तिने फोन काढला.

"लाव. पान थांबात."

"आणि पावाचाय सांग," शेवंतीकाकी म्हणाल्या. "दर वर्सा ताजो हाडतंव म्हणान."

रिंग वाजत होती. काका दोन्ही हातांवर पान धरून उन्हात उभेच राहिले.