शंभरातून सात

मी तोंडाची फटकळ. बावीस वर्षं शहराची बस चालवतेय, आणि हिच्या गाडीला हॉर्न नसला तरी चालेल, असं डेपोतले लोक म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या पोरीचे उपकार मला सांगायचेत, तिला मी याच तोंडानं नको नको ते बोलले होते.

माझी लेक चौदा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. शाळेच्या फुटबॉल संघात ती आणि तिची जिवाभावाची मैत्रीण लंबू, दोघी मधल्या फळीत खेळायच्या. एका सामन्यात उंच आलेल्या चेंडूसाठी दोघींनी एकदमच उडी मारली. एकाच संघातल्या, पण ‘माझा!’ म्हणून ओरडायचं दोघीही विसरल्या. डोक्यावर डोकं आपटलं. लंबूच्या कपाळाला टेंगूळ आलं. भिंगरी जी पडली ती उठलीच नाही.

तीन दिवस दवाखान्यात काढले. तपासणीत वाईट काही निघालं नाही. सुटलो म्हणून घरी आणलं, तर पोर वेगळीच. दूध ढवळत असताना हाक मारली की चमचा थांबायचा. बूट घालताना काही विचारलं, की एक पाय बुटात, एक बाहेर, आणि बाईसाहेब माझ्याकडे बघत बसलेल्या. दुसरं काम आलं की हातातलं पहिलं सुटायचं.

पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला फरशीवरच्या पट्टीवरून चालायला सांगितलं, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत. आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करत जायचं. भिंगरी “त्र्याण्णव” म्हणाली आणि थांबली. पुन्हा चालायला लागली, तर आकडा हरवला. मग पट्टीवर उभी राहूनच रडायला लागली. वर्गात गणितात पहिली येणारी पोर हो!

“येईल हळूहळू,” बाई म्हणाल्या. “पण हे नीट जमेपर्यंत मैदानात पाऊल नाही.”

“आणि जमलंच नाही तर?”

“बघू.”

बघू म्हणजे काय? आयुष्यभर माझी पोर अशीच चमचा धरून थांबलेली राहणार की काय?

त्याच संध्याकाळी लंबू दारात आली, भिंगरीसाठी उतरवून घेतलेला अभ्यास घेऊन. झालं, माझं तोंड सुटलं. “डोळे काय कपाळात गेले होते तुझे? माझ्या पोरीचं वाटोळं केलंस! पुन्हा या दारात दिसू नकोस!” तिनं वही खाली ठेवली आणि गेली.

दीड महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी थोडी ढील दिली. अंगणात हलकं खेळायला हरकत नाही, पण धक्का नको, डोक्यानं चेंडू मारायचा नाही, आणि डोकं दुखलं की लगेच बंद. दुसऱ्याच दिवशी शाळेची कोचताई चेंडू घेऊन हजर, सोबत जमिनीवर मांडायच्या लाल-निळ्या प्लास्टिकच्या टोप्या. या बाईची शिकवायची तऱ्हाच न्यारी. पोरींच्या पायात चेंडू द्यायचा आणि वर गणितं घालायची. लाल टोपी दाखवली की डावीकडे वळा, निळी दाखवली की उजवीकडे. ते जमायला लागलं रे लागलं, की नियम उलटा.

“डोक्याला मार बसलाय तिच्या,” मी कडाडले, “आणि तुम्ही वर कोडी घालताय?”

“काकू, सामन्यात कोणी थांबतं का? आधी चेंडू सांभाळ, मग सावकाश विचार कर, असं कोणी म्हणतं? पाय आणि डोकं बरोबर चालायला पाहिजे. तेच तर हिचं सुटलंय. तुम्ही बस कशी चालवता?”

क्लच, आरसा, मागची बेल, मध्येच घुसणारा सायकलवाला. मी गप्प बसले. हे फार वेळा होत नाही.

ताईला आठवड्यातून एकदाच येणं जमणार होतं. रोज प्रश्न विचारायला कोणीतरी हवं. मी आहे की, म्हटलं. ड्युटी संपली की अंगणात उभी राहायचे. “पंधरा अधिक आठ! सांग! अगं सांग ना!” पोर जागच्या जागी थिजायची आणि चेंडू नालीत जायचा. आमचे हे खिडकीतून म्हणाले, “अगं, गणित घालतेयस की दरडावतेयस?” चार दिवसांत मी हात टेकले.

“आई,” भिंगरी हळूच म्हणाली, “लंबूला बोलाव ना.”

दोन दिवस मी नाहीच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ताईला फोन केला, म्हटलं, त्या उंच पोरीला पाठवा. तिचं नाव घ्यायला काही जीभ रेटेना.

आली बिचारी. मागच्या फाटकातून, मान खाली घालून. मग रोज पाचच्या ठोक्याला. ताईनं लिहून दिलेला कागद वाचायची, टोप्या दाखवायची, आणि भिंगरी अडली की नुसती उभी राहायची. घाई नाही, चिडचिड नाही. हे मला का नव्हतं जमलं, कोण जाणे. गंमत म्हणजे लंबू स्वतः गणितात ढ. त्यातून मराठी आकडे म्हणजे तर आनंदच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, कुठला कोणता याचा तिला पत्ता नसायचा.

एकदा मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. भिंगरी टोप्यांमधून चेंडू नेत होती.

“शंभर,” लंबू म्हणाली.

“त्र्याण्णव.” चेंडू थांबला. पुन्हा निघाला. “शहाऐंशी.” पुन्हा थांबला.

मग आकडा न सापडताच चेंडू पुन्हा निघाला. शेवटी मैत्रिणीला आधार म्हणून लंबूच बोलली, “मग… एकोणनव्वद!”

“अगं गाढवे, वजा करताना आकडा वाढतो का? एकोणऐंशी!”

भिंगरी हे ओरडली तेव्हा ती लाल टोपीला वळसा घालून निळीपाशी पोचली होती. चेंडू पायातच होता. मी ओला शर्ट तोंडावर दाबून ढसाढसा रडले. लंबूला काय झालं ते कळलंच नव्हतं. “मग एकोणनव्वद म्हणजे किती गं?” ती विचारत होती.

त्या दिवसापासून त्यांनी तीच रीत धरली. लंबूनं उत्तर चुकवायचं आणि भिंगरीनं पळता पळता दुरुस्त करायचं. अर्ध्या चुका मुद्दाम असायच्या, अर्ध्या अगदी खऱ्या. ताईला ते एवढं आवडलं, की सगळ्या संघालाच तिनं तसा सराव द्यायला सुरुवात केली. मी रोज लंबूसाठी खायला काढून ठेवायचे. पण ‘माझं चुकलं’ असं काही बोलले नाही. एरवी चुरूचुरू चालणारी जीभ नेमकी तेवढ्यापुरती जड व्हायची.

तपासणीच्या दिवशी लंबूही आमच्याबरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत तीच फरशी, तीच पट्टी. भिंगरीनं टाचेला अंगठा लावला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी पदराचं टोक पिळत बसले होते. बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. पावलं थांबेनात, आकडे थांबेनात. पट्टी संपली, ती वळली आणि परत आली. तेवीस, सोळा, नऊ, दोन.

“वा!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता ताईंना सांगा, हळूहळू मैदानात घ्यायला हरकत नाही. कोणी करून घेतलं हे?”

मी उठले, बाहेर गेले आणि लंबूच्या मनगटाला धरून तिला आत आणलं. पोर घाबरली, तिला वाटलं काहीतरी बिनसलं.

“हिनं,” मी म्हटलं. “मी हिला दारातून हाकलून दिलं होतं, बाई. तरी ही रोज आली. माझी लेक मला हिनं परत दिली.” मग तिच्याकडे वळले. “मी चुकले गं. फार वाईट बोलले तुला. तुझे उपकार मी कधी विसरायची नाही.”

“काकू, हिला आज आलं नसतं ना, तर मी काय केलं असतं?” लंबू एवढंच म्हणाली आणि हमसाहमशी रडायला लागली.

मी तिला जवळ ओढलं. माझं डोकं तिच्या खांद्याशीसुद्धा पोचत नव्हतं. एवढी उंच पोर, पण तीही चौदाच वर्षांची होती, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.