निळा, हिरवा आणि जुना

शरदचंद्र सरोद्यांना साधी छत्री घ्यायची असली तरी बालाघाटातली तीन दुकानं पालथी घातल्याशिवाय ते घेत नसत. काड्या मोजत, कापड उजेडात धरून बघत, दांड्याचं बटण दहादा दाबत, आणि एवढं करून ‘विचार करतो’ म्हणत रिकाम्या हाताने घरी येत. तोवर निम्मा पावसाळा सरलेला असे. सिंचाई विभागात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, घाईशी त्यांचं कधी जमलंच नाही. ‘यांनी मले एकाच भेटीत कसं काय पसंत केलं, देव जाणे,’ असं त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई सांगत, तेव्हा ऐकणारे पोट धरून हसत.

अशा माणसाने दोन प्रोसेसरांची तुलना करायला घेतली. होळीला घेतलेली ती तुलना मे महिना पेटला तरी संपेना, आणि यात कुणालाही नवल वाटलं नाही. खरं तर वाटायला हवं होतं. कारण या वेळी शरदचंद्रांना काही निवडायचंच नव्हतं.

गोष्ट रजतची होती. रजत त्यांचा एकुलता एक मुलगा. काली पुतली चौकामागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर सेंटर होतं, कुशल नावाचा मित्र त्यात भागीदार. दिवसा मुलांचे वर्ग चालत, आणि उरलेल्या वेळात गावातल्या, लालबर्ऱ्यातल्या खाजगी शाळांचे निकाल तयार होत. खोलीत कॉम्प्युटरचे पडदे बरेच होते, पण सगळ्यांचं डोकं एकच, कोपऱ्यातल्या लोखंडी टेबलावरचा सर्व्हर. तो अडकला की सगळे पडदे अडकत.

आदल्या श्रावणात रजत बिरसाला एका कार्यालयात मशिनी जोडायला गेला आणि कणकण घेऊनच परतला. घरी न जाता आधी सेंटरवर गेला. सर्व्हरमध्ये नवी डिस्क घालायची राहिली होती, ती घातली, बटण दाबलं, आणि जेवणाचा डबा घेऊन आलेल्या वडिलांना म्हणाला, “बाबा, आता याले बंद नाही करायचं. पाहू तरी किती दिवस चालते.” संध्याकाळी ताप चढला. ताप कसला, मेंदूचा मलेरिया होता तो. गोंदियाच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून गाडी करून नागपूरला निघाले, आणि भंडाऱ्याच्या अलीकडे गाडीतच सगळं आटोपलं. त्या सबंध वाटेत प्रेमलताबाईंचा हात पोराच्या कपाळावर होता.

पुढे दहा दिवस रजतच्या खोलीत रीतीप्रमाणे दिवा ठेवला. तो दिवा विझू द्यायचा नसतो. गेलेल्याची वाट अंधारी होते म्हणतात. शरदचंद्रांनी आयुष्यात फारसे उपासतापास केले नव्हते, पण त्या दिव्यापाशी ते ठाण मांडून बसले. तेल घालत, वात सारत, दाराचा वारा अंगावर घेत. दहाव्याला घाटावरचं उरकलं, दिवा उचलला गेला, आणि त्यांच्या हाताला कामच उरलं नाही. मग त्यांना कोपऱ्यातला तो सर्व्हर आठवला. रजतने स्वतःच्या हाताने सुरू केलेला, अजून घरघरत असलेला.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. रजतने सुरू केलेली ती मशिन बंद पडू द्यायची नाही. त्या वर्षांत विजेचं काही खरं नव्हतं. गेली की कधी येईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसे. म्हणून घरचा इन्व्हर्टर बॅटऱ्यांसकट रिक्षात घालून ते सेंटरवर घेऊन गेले. सकाळ-संध्याकाळ स्वतः तिथे बसू लागले. घरी अंधार झाला की प्रेमलताबाई कंदील लावत आणि एकट्याच बसत. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि ती का केली नाही हे विचारायचं यांना सुचलं नाही. दुःखाने माणूस मोठा होतो म्हणणाऱ्यांनी शरदचंद्रांना त्या वर्षात बघायला हवं होतं. दुःखाने ते चांगलेच आपमतलबी झाले होते.

इकडे सर्व्हर थकला होता. वर्ग ऐन रंगात आला की तो अडके, मग कुशल त्याची एकेक कामं मध्येच तोडून त्याला मोकळा करी, पण बंद करून पुन्हा लावायची सोय नव्हती. शरदचंद्र, त्याचे काकाजी, समोर बसलेले. पोरं कंटाळून दुसरीकडे जाऊ लागली. लालबर्ऱ्याच्या एका शाळेने निकालाचं काम काढून घेतलं. कुशलच्या घरी बायको आणि तान्ही मुलगी. सेंटर बुडालं तर त्याला गाव सोडून नागपूर गाठावं लागणार होतं. होळीच्या दिवशी पाया पडायला आला तेव्हा तो भीतभीत म्हणाला, “काकाजी, नवीन सर्व्हर घ्या लागते आता.”

नाही म्हणायला शरदचंद्रांना तोंड नव्हतं. ते म्हणाले, “हौ, घेऊ ना. पण आधी नीट तुलना करू.” सज्जन माणसाचा नकार हा असाच असतो.

बाजारात तेव्हा सर्व्हरसाठी दोन कंपन्यांचे प्रोसेसर चालत. त्यांची इंग्रजी नावं शरदचंद्रांच्या तोंडी बसेनात, म्हणून खोक्यांच्या रंगावरून त्यांनी एकाला निळा म्हटलं, दुसऱ्याला हिरवा. कागदावर तीन रकाने आखले, काम, किंमत आणि टिकाऊपणा. अक्षर असं सुबक की बघत राहावं. पहिले दोन रकाने भरले, तिसरा काही भरेना. कुणी टिकाऊपणाबद्दल काही सांगितलं की त्यांना नवी शंका येई. शेवटी गोंदियाच्या दुकानदाराने कंटाळून आपला राहुल नावाचा माणूस दोन्ही मशिनी घेऊनच पाठवला. चालवून बघा, म्हणाला, आणि एकदाचं काय ते सांगा.

राहुलने दोन्ही मशिनी शेजारी-शेजारी मांडल्या आणि दोन्हींना एकाच शाळेचा सगळा निकाल करायला दिला. बाहेरच्या टपरीवरून भैयालालचा चहा यायच्या आत हिरव्याचं काम झालं. निळ्याचं झालं तेव्हा कप अर्धे रिकामे झाले होते.

“हिरवा तेज आहे काकाजी,” राहुल म्हणाला. “गरमबी कमी होते, आन सस्ताबी आहे. निळा थोडा सुस्त. पण त्याचं काही बिघडलं त गोंदियाले कोन्याबी दुकानात सामान भेटते. हिरव्याचं दिल्लीहून मागवा लागन.”

“आन टिकनं?”

“दोन्ही टिकते जी.”

“तसं नाही. एकदाही बंद न करता किती वर्ष चालन?”

राहुलला हसू आलं. “बंद काहून नाही करायचं? धूळ साफ करायले त बंद करा लागनच ना.”

शरदचंद्रांनी तिसऱ्या रकान्यात पुन्हा प्रश्नचिन्ह काढलं. आता पावसाळ्यापर्यंत तरी चिंता नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं.

“मंग जुन्यालेबी तेच काम देऊन पाहतो,” राहुल म्हणाला. “फरक तरी दिसन तुमाले.”

“त्याले नको लावू,” कुशल एकदम म्हणाला. “त्याची काही जरूरत नाही.”

पण राहुल जुन्यासमोर बसलाही होता. आधी मशिनची तब्येत बघायची त्याची सवय. त्याने काहीतरी टाइप केलं, पडदा वाचला आणि खुशीने मान हलवली. “वा काकाजी, दिवाळीच्या आधीपासून एकदाही बंद नाही झाला हा. एवढ्या बिजलीच्या कटौतीत. कमाल आहे.”

“दिवाळी नाही,” शरदचंद्रांनी त्याला अभिमानाने सुधारलं. “श्रावणापासून.”

“नाही जी. इथं तारीखच दाखवते ना, कधी चालू झाला त्याची. दसरा झाल्यावरची आहे.”

शरदचंद्रांनी चष्मा पुसून पडदा वाचला. मग कुशलकडे पाहिलं. कुशल जमिनीकडे पाहत होता.

“दसऱ्यानंतर बॅटरी बसली होती काकाजी,” तो म्हणाला. “तुमी जेवायले गेलते. मी आलो त बंद. लाइट आली तसा मी चालू केला. तुमी आले तेव्हा चालूच होता.”

“मले सांगितलं काहून नाही?”

“काकूले सांगितलं. काकू म्हणे, त्याईले सांगू नको.”

शरदचंद्र उठले. भर दुपारचे, टोपी तिथेच विसरून घरी निघाले. इतके महिने ज्याची राखण केली, तो रजतचा सर्व्हर नव्हताच. रजतने लावलेला कधीच विझला होता, आणि हे सगळ्या जगाला माहीत होतं.

प्रेमलताबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवायलाही शरदचंद्रांनी त्यांना वेळ दिला नाही.

“कुशलने चालू केला, हे तुले माहीत होतं?”

“हौ.”

“मंग मले फसवलं काहून? मी तिथं मूर्खासारखा बसून राह्यलो, आन तू?”

प्रेमलताबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. हात थांबला. “त्या दिव्याचंबी कुठं सांगितलं होतं तुमाले,” त्या म्हणाल्या.

शरदचंद्रांना आधी कळलंच नाही.

“रजतच्या दिव्याचं. चौथ्या दिवशी पहाटे तुमचा डोळा लागला. मी पाणी प्यायले उठली त खोलीत अंधार. वातीतून धूर निघून राह्यला होता. कधीचा विझला होता कोणास ठाऊक. मी लावला आन बसली. तुमी जागे झाले आन म्हणाले, पाह्य, एकदाही नाही विझला. मी काय बोलू मंग?”

शरदचंद्र खाली बसले. सुपात तांदूळ होते, ते त्यांना दिसत नव्हते.

“किती वेळ अंधारात होता तो,” प्रेमलताबाई म्हणाल्या, “हेच रोज मनात येते. संध्याकाळी लाइट गेली की जास्तच येते.” एवढं बोलल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या नवऱ्यासमोर रडल्या. आजवरचं रडणं त्यांनी एकटीने, कंदिलाजवळ उरकलं होतं. इन्व्हर्टर सेंटरवर होता.

राग कुठच्या कुठे गेला. त्या जागी जी लाज आली ती शरदचंद्रांना सोसेना. आपण दिवा जपला असं ते समजत होते. जपला होता हिने, विझल्याची भीती एकटीच्या पोटात घेऊन, आणि वर नवऱ्याला डोळा लागल्याचा बोलही लागू दिला नव्हता. आणि ते स्वतः? दुःख करायला एक लोखंडी डबा धरून बसले होते, आणि पोराची आई घरात अंधारात. त्यांनी तिचा हात धरायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी तिचा दिवाच उचलून नेला होता.

“मीच झोपलो,” ते म्हणाले. “माह्याच हातून विझला.”

“झोप लागन नाही त काय,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “माणूसच आहो आपण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सेंटरवर आले. रजत गेल्यापासून प्रेमलताबाईंनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. राहुल मशिनी बांधायच्या बेतात होता. त्याला वाटलं, आता म्हातारा आणखी एक महिना मागणार. पण शरदचंद्रांनी वेगळंच विचारलं.

“बंद पडला त परत कोणचा लवकर उठते? आन याले उठवता येईन काय?” त्यांनी कुशलकडे बोट केलं.

“निळा,” राहुल म्हणाला. “सकाळच्या बसने सामान येते, आन कुशलभाऊच बसवून टाकन.”

“मंग निळाच द्या.” खिशातला कागद काढून त्यांनी तिसऱ्या रकान्यातली सगळी प्रश्नचिन्हं खोडली. “कुशल, जुन्याचं काम इकडे घे. आन संध्याकाळी इन्व्हर्टर घरी पाठव. इथल्यासाठी दुसरा पाहू.” दुसऱ्याची तुलना करू, असं मात्र ते म्हणाले नाहीत. कुशलने डोळे पुसले आणि कामाला लागला.

सगळं नव्यावर जाईपर्यंत दुपार झाली. जुन्याचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. शरदचंद्र पुढे झाले. प्रेमलताबाईही आल्या आणि त्यांनी डब्याच्या पाठीवर हात ठेवला.

“किती गरम आहे,” त्या म्हणाल्या.

शरदचंद्रांनी बटण दाबलं. घरघर मंद होत होत थांबली. प्रेमलताबाईंनी हात काढला नाही. शरदचंद्रांनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. कुशल आणि राहुल चहाचं निमित्त काढून बाहेर गेले. बराच वेळ दोघं तसेच उभे होते. पत्रा हळूहळू निवत गेला, कोमट झाला, मग गार.

“उतरला,” प्रेमलताबाई म्हणाल्या.

भंडाऱ्याच्या वाटेवर ताप शेवटपर्यंत उतरला नव्हता.