ड्रायव्हरचं झाकण

"त्याचं दार उघडतं का रे?" आईने विचारलं.

मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून एका ब्रिटिश रणगाड्याची चाकं प्लास्टिकच्या चौकटीतून सोडवत बसलो होतो. महायुद्धातला रणगाडा, पस्तीसपट लहान केलेला. मुलीने पाठवला होता. मी कवळ्या बनवण्याचं दुकान बंद केलं तेव्हा तिला काळजी पडली की बाबा आता दिवसभर आईच्या मागे मागे हिंडणार. त्यापेक्षा रणगाडा बरा. जन्मभर लोकांचे दात जुळवले, त्याला प्लास्टिकचे तुकडे काय जड, असंही तिचं म्हणणं. खोक्यावर चित्र होतं. चिखल, धूर आणि बुरुजातून अर्धा बाहेर आलेला एक अधिकारी. एवढ्या धुरातही तो हसत होता. दात मात्र त्याचे स्वतःचे असावेत.

"रणगाड्याला दार नसतं, आई. वरून झाकणं असतात."

"तेच ते. उघडतं का?"

"उघडं चिकटवायचं की बंद, ते आपल्यावर. कागदावर दोन्ही दाखवलंय."

"मग उघडं चिकटव," असं म्हणून ती काठी टेकत आत गेली.

नव्वदीला आलेल्या, डोळ्यांनी जवळजवळ काही न दिसणाऱ्या बाईने रणगाड्याबद्दल मत द्यावं याचं मला नवल वाटलं नाही. दाराचा विषय निघाला की आमच्या घरात प्रत्येकाला मत असतं. ही अप्पांची कमाई. अप्पा म्हणजे माझे वडील. गल्लीत त्यांना सगळे 'कडी' म्हणत, कारण आमच्या घरात एकही कडी नव्हती. त्यांनी लग्नानंतर महिन्याभरात पेचकस घेऊन सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या आणि भोकं रंगाने बुजवली. बाहेरच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून काही नाही. "चोर आला तर?" असं कोणी विचारलं, तर म्हणायचे, "येऊ दे. त्याला परत जाता आलं पाहिजे."

न्हाणीघरालाही कडी नव्हती. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांना गाणं येतं. आत असलेल्याने सतत गायचं, गाणं थांबलं की न्हाणीघर रिकामं समजायचं, असा कायदा होता. माझी बायको लग्न होऊन आली आणि पहिल्याच सकाळी, लाजून, मनातल्या मनात गायली. पुढचं सांगत नाही. अप्पा गेल्यावर पंधरा दिवसांत तिने न्हाणीघराला कडी बसवून घेतली. बाकीची दारं मात्र तशीच राहिली.

अप्पा एका चित्रपटगृहात दारावर उभे असत. तिकीट फाडायचं, बॅटरी दाखवायची. खेळ सुरू झाला की बाजूच्या दारांना बाहेरून कुलपं घालायची असा मालकाचा हुकूम होता. नाहीतर फुकटे घुसत. अप्पा घालायचे आणि काढून ठेवायचे. निम्मं गाव फुकट सिनेमा बघून शहाणं झालं. शेवटी मालकाने त्यांना सायकल स्टँडवर पाठवलं. तिथे दारच नव्हतं. अप्पा तिथे फार सुखात होते.

तरुणपणी ते त्याच महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते आणि रणगाड्यात होते, एवढं आम्हाला माहीत होतं. पुढे काही विचारलं की एकच उत्तर: "फार गरम व्हायचं." शाळेतल्या मित्रांच्या काकामामांनी पूल उडवले होते, कैदी पकडले होते. आमच्या वडिलांना गरम झालं होतं.

आणि ते झोपेत हात फिरवायचे. उजवी मूठ आवळून गोल गोल, जसं काही हँडल फिरवावं. आम्ही भावंडं म्हणायचो, अप्पा झोपेत आइस्क्रीमचं यंत्र फिरवतात. आम्हाला मात्र एक वाटी मिळाली नाही. हा विनोद तीस वर्षं चालला. अप्पाही हसायचे. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये तोच हात फिरायला लागला, सुई निघायला लागली, तेव्हा नर्सने हात पट्टीने खाटेला बांधला. आईने तो सोडला. नर्सने पुन्हा बांधला, आईने पुन्हा सोडला, आणि आयुष्यात कुणाशी मोठ्याने न बोललेली माझी आई त्या नर्सशी वॉर्डभर ऐकू जाईल अशी भांडली. आम्हाला लाज वाटली होती.

असो. रणगाडा.

चाकं झाली, पट्टे झाले, अंग झालं. पुढच्या बाजूला उजवीकडे ड्रायव्हरची जागा, त्याच्या डोक्यावर ते झाकण. मी बिजागरी अशी बसवली की झाकण खरोखर उघडमीट व्हावं. कवळीवाल्याची खोड, जबडा हलला पाहिजे. मग वर तोफेचा फिरता बुरुज ठेवला, न चिकटवता, आणि तोफ फिरवून बघितली. एका बाजूला तोफ आली की झाकण अडकायला लागलं. एवढंसं वर यायचं आणि टक्‌ करून थांबायचं.

मला वाटलं, माझंच चुकलं. बिजागरी कानसली. तरी टक्‌. झाकणाची कड पॉलिश पेपरने घासली. तरी टक्‌. कंपनीला शिव्या दिल्या. बायको म्हणाली, "अहो, खेळणं आहे ते. त्याला काही चावायचं नाहीये."

शेवटी तो अर्धवट रणगाडा घेऊन ज्या दुकानात अशी खोकी मिळतात तिथे गेलो. दुकानदार भला माणूस, पण त्याला सगळ्या लढाया स्वतः लढल्यासारख्या पाठ. त्याने तोफ फिरवली, झाकण उचललं, टक्‌ ऐकलं आणि खूश झाला.

"वा! अगदी बरोबर जमलंय तुम्हाला."

"काय बरोबर? अडकतंय ते."

"खऱ्यातही अडकायचं. सुरुवातीच्या गाड्यांची ती खोडच होती. तोफ या कोनात आली की ड्रायव्हरचं झाकण बंद."

"मग त्याने बाहेर कसं यायचं?"

"वर बुरुजात बसलेल्याने तोफ फिरवायची. की उघडतं."

"आणि वरचा आधीच उतरून गेला तर?"

दुकानदाराने जरा विचार केला. "मग काय," तो म्हणाला. "रंग कोणता देऊ? दोन हिरवे आहेत, एक जरा मातकट आहे."

मी मातकट घेतला. परत येताना रस्ता कसा संपला कळलं नाही. साठ वर्षांच्या आयुष्याचा एकदम उलगडा झाला होता. कड्या, न्हाणीघर, सिनेमाची कुलपं, सायकल स्टँड. अप्पा ड्रायव्हर होते! त्या झाकणाखाली अडकले होते, कसेबसे सुटले होते, आणि आम्ही त्यांची थट्टा करत होतो.

बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी ती न्हाणीघराची कडी उगाच बसवली."

खोक्यात ड्रायव्हरची एक आकृती होती, बोटाच्या पेराएवढी. मी तिला अप्पांची मिशी काढली. एका केसाच्या कुंचल्याने, श्वास रोखून. ती त्याच्या जागेवर चिकटवली आणि ठरवलं की हा रणगाडा चित्रातल्यासारखा ऐटीत नको. खरा करायचा. तोफ त्या कोनात, झाकण अर्धवट उचललेलं, अडकलेलं. बुरुज तसाच कायमचा चिकटवून टाकायचा. वडिलांसाठी एवढं तरी.

तोफ त्या कोनात ठेवून मी रंग वाळायला सोडला आणि आंघोळीला गेलो. गात गात, सवय जात नाही. परत येऊन बघतो तर तोफ दुसरीकडे.

"तू हात लावलास?"

"माझं धुणं पडलंय तिकडे," बायको म्हणाली.

तोफ पुन्हा त्या कोनात आणली. संध्याकाळी भाजी घेऊन आलो, तोफ पुन्हा फिरलेली. या वेळी पार मागे. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "बाबा, भूत असेल. त्याला म्हणावं, जरा फर्निचरपण पूस." मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ फिरलेली दिसली तेव्हा हसू आलं नाही. टेबलाच्या त्या टोकाला अप्पा बसायचे. दाराजवळची खुर्ची. मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसेनासा झालो. कवळ्या बनवणारा माणूस भुताला भीत नाही. मेलेल्यांचे दातसुद्धा लोक दुरुस्तीला आणून देतात, आणि आपण ते निमूट दुरुस्त करतो. पण इथे कोणीतरी माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, न बोलता मला चूक म्हणत होतं.

म्हणून मी ठरवलं, चिकटवूनच टाकू. दुपारी जेवणं झाली, बायको पडली, मी गोंदाची बाटली आणायला आतल्या खोलीत गेलो आणि परत आलो. आई टेबलापाशी उभी होती. काठी खुर्चीला टेकवलेली. एका हाताने रणगाडा धरून, डोळे भलतीकडेच, ती बोटांनी चाचपत बुरुज फिरवत होती. हळूहळू, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगाखालचं पांघरूण काढावं.

"आई, तू?"

"उघडं चिकटव म्हटलं होतं ना तुला."

मी तिला खुर्चीत बसवलं. समजूत काढावी तसं म्हटलं, "आई, मला कळलंय सगळं. अप्पा ड्रायव्हर होते. त्यांचं झाकण अडकलं होतं."

"ते कुठे चालवत होते?" आई म्हणाली. "ते वर बसायचे. तोफ फिरवायचं चाक त्यांच्या हातात असायचं."

गोंदाच्या बाटलीचं टोपण माझ्या हातात राहिलं.

"आग लागली तशी वरची माणसं उतरली. हेही उतरले. गवतात जाऊन पडले आणि मागे बघितलं तर तोफ अशी." तिने नळीवर बोट ठेवून ती थोडी हलवली, बरोबर त्या कोनात. "आणि खालचं झाकण एवढंस्सं वर यायचं आणि आपटायचं."

"मग?"

"मग काय. परत चढायला गेले, तर दुसऱ्याने पाय धरून ओढलं. मग थोड्या वेळाने आपटायचं थांबलं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुला कधी सांगितलं हे?"

"न्हाणीघराची कडी काढली तेव्हा. मी म्हटलं, असल्या घरात मी राहायची नाही, माहेरी जाते. तेव्हा सांगितलं. एकदाच. पुन्हा मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"आणि आम्ही हसायचो, तेव्हा तू बोलली नाहीस?"

"तेच म्हणायचे, हसू दे त्यांना. घरात हसणारी माणसं आहेत, बरं आहे." तिने उजवी मूठ आवळली आणि टेबलावर गोल फिरवली, एकदा, दोनदा. "झोपेत हे चालायचं ना. मी त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर फिरवायचे. मग कानात म्हणायचे, झालं, फिरली, उघडलं हो. की शांत झोपायचे. त्या नर्सबाईला काय कळणार? हात बांधून ठेवला. तोफ फिरायची कशी?"

तिने तोफ पुन्हा मागे फिरवली, झाकण उचललं, ते पूर्ण उघडलं, आणि तिने करंगळी आत घातली. करंगळी थांबली.

"आत कोण आहे?"

"ते... मी अप्पा म्हणून बसवले होते," मी म्हणालो. "मिशीसुद्धा काढलीय."

"मिशी पुसून टाक. त्याला फुटली नव्हती अजून. पोरगाच होता."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही सांगितलं. नुसतं 'तो' म्हणायचे."

मी कुंचला रंग धुवायच्या तेलात बुडवला आणि मिशी पुसली. मग कवळीतला सैल दात काढायची माझी जुनी बारीक सुरी घेतली, झाकणातून आत घातली आणि त्याला सीटपासून सोडवायला लागलो. गोंद पक्का बसला होता. आई टेबलावर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. शेवटी बारीकसा आवाज झाला, आणि चिमट्याने मी त्याला वर काढलं.

कमरेखाली त्याला काही नव्हतं. कंपनीने पाय दिलेच नव्हते. तो कधी बाहेर येईल असं त्यांनी धरलंच नव्हतं.

मी तो आईच्या तळव्यावर ठेवला. तिने अंगठ्याने त्याचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, मग खाली जिथे तो संपत होता तिथे अंगठा थोडा वेळ तसाच ठेवला. त्याला गोंदाच्या बाटलीला टेकवून उभं केलं. तो कलला, तिने पुन्हा नीट केलं.

"दार ओढून घे रे," ती म्हणाली. "वारा येतोय. त्याला लागेल."

ती दार लावायला सांगतेय, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी उठलो. दाराच्या आतल्या बाजूला चार भोकं आहेत, अप्पांनी बुजवलेली. रंग जुना झाला की ती वर दिसतात. मी दार ओढून घेतलं. वाऱ्याने ते उघडलं. पुन्हा ओढून घेतलं, आणि मग हात तसाच दारावर ठेवून उभा राहिलो.