परका पंच

वर्लिन गिड्रीच्या घराचं अर्धं छप्पर ऑगस्टच्या वादळात उडालं आणि उरलेल्या अर्ध्याखाली पाणी शिरलं. आमच्या बायूकाठच्या, म्हणजे संथ, दलदली ओढ्याकाठच्या गावात त्या वर्षी धड राहिलेलं घर शोधावं लागत होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. वर्लिन आणि त्याची बायको इनेझ अंगणात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या एका खोलीत, राहायला गेली. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं तो सगळ्यांना सांगत होता.

भांडण लागलं ते रकमेवरून. नुकसान वादळानेच झालं हे विमा कंपनीने पहिल्याच पत्रात मान्य केलं होतं. पण त्यांचा सर्व्हेअर वीस मिनिटं घराभोवती फिरला, शिडीसुद्धा न लावता फोटो काढले आणि एकतीस हजार डॉलर लिहून मोकळा झाला. तेवढ्यात नुसतं छप्परही झालं नसतं. वर्लिन संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. हे आधीच सांगते, कारण कंपनीची तळी उचलायला मी ही गोष्ट लिहीत नाही.

रकमेवर असं अडलं की काय करायचं, हे पॉलिसीतच दिलेलं असतं. दोन्ही बाजूंनी एकेक निःपक्षपाती मूल्यमापक नेमायचा. त्या दोघांनी मिळून तिसरा, म्हणजे पंच, निवडायचा. तिघांपैकी दोघांचं ज्या आकड्यावर एकमत होईल तो दोन्ही बाजूंनी मानायचा. वर्लिनने सप्टेंबरातच हा मार्ग धरला. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग त्याने डेलला नेमलं.

डेल फॉन्टेनो हा छपरांची कामं करणारा, हुशार आणि कष्टाळू गडी. बाप्तिस्म्याच्या वेळी वर्लिननेच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून तो वर्लिनला 'पारँ' म्हणे, म्हणजे धर्मपिता. घराच्या दुरुस्तीचं कामही त्यालाच मिळणार होतं. आमच्याकडे प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा चुलतभाऊ नाहीतर धर्मपुत्र असतोच, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. कंपनीने ह्यूस्टनचा एक जण नेमला. त्याचं पोट विमा कंपन्यांच्याच कामांवर चालायचं, म्हणजे तिकडेही तेच.

आता पंच कोण? डेलने आपल्या सासऱ्याचं नाव सुचवलं. ह्यूस्टनवाल्याने आपल्या जुन्या साहेबाचं. डेलने मग बदकांच्या शिकारीला सोबत येणाऱ्या मित्राचं नाव पाठवलं. ह्यूस्टनवाल्याने आणखी एका कंपनीवाल्याचं. पत्रं जात होती, पत्रं येत होती आणि घरावरची निळी ताडपत्री उन्हाने फाटून तिच्या जागी दुसरी आली होती.

"अरे, पोप निवडायला एवढा वेळ लागत नाही!" इनेझ म्हणायची आणि हसता हसता तिला खोकला यायचा. तिची फुप्फुसं आधीच नाजूक होती. ट्रेलरच्या भिंतींना आतून पाणी सुटायचं, गादीखाली बुरशी धरायची. लाफायेतला तिची बहीण राहत होती, ती सारखी बोलवायची. पण नवऱ्याला एकटं टाकून जायला इनेझ तयार नव्हती. तिला आपल्या स्वयंपाकघरात परत जायचं होतं, बाकी कसली हौस उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात, एका रविवारी प्रार्थनेनंतर मिस ओडील गंबोचं, म्हणजे आमच्याकडच्या दाट कालवणाचं पातेलं घेऊन त्यांच्याकडे आल्या. तीस वर्षं त्यांनी कोर्टात कारकुनी केलेली. वय ऐंशीच्या घरात, पण नाकावर माशी बसू देत नसत. जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"वर्लिन, पॉलिसी आण तुझी."

"पाठ आहे मला ती."

"पाठ असती तर चौदा महिने असा बसला नसतास. आण म्हणते ना!"

त्यांनी पान काढलं आणि बोट ठेवलं. "हे बघ. पंधरा दिवसांत पंचावर एकमत झालं नाही, तर कुठलीही बाजू कोर्टाकडून पंच मागून घेऊ शकते. सोळाव्या दिवशी अर्ज करता आला असता तुला."

"माहीत होतं मला," वर्लिन म्हणाला.

इनेझने हातातला चमचा खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"अगं, न्यायाधीश कुणीतरी परका आणून बसवेल! त्याला काय माया असणार आपली? कंपनीवाले त्यांचा माणूस पाठवतात, मग मी माझा का नको पाठवू?"

"त्यांचं चुकतंच आहे," मिस ओडील म्हणाल्या. "पण त्यावर उतारा म्हणून तूही तेच केलंस. आता भांडणारे दोन झाले आणि मोजणारा कुणीच नाही. त्यात हा डेल! छप्पर तोच घालणार. आकडा जितका मोठा, तितका त्याचा फायदा. उद्या निकाल तुझ्या बाजूने लागला ना, तरी कंपनी कोर्टात जाऊन एवढंच सांगेल आणि कोर्ट तो निकाल रद्द करेल. असे रद्द झालेले निकाल मी स्वतःच्या हाताने फाइलला लावलेत."

"म्हणजे डेल लबाडी करेल म्हणता?"

"नाही रे बाबा. त्याचा तुझ्यावर जीव आहे म्हणते मी. जीव असलेल्या माणसाच्या हातात टेप दिली की भिंत दोन हात लांब भरते."

"मला परका चालेल," इनेझ हळूच म्हणाली. "मला कोरडी भिंत हवी आहे, वर्लिन."

वर्लिन उठून बाहेर गेला आणि पुष्कळ वेळ ताडपत्रीच्या दोऱ्या घट्ट करत बसला. त्या दिवशी तो बधला नाही.

त्या गुरुवारी इनेझला श्वास घेता येईना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वर्लिनला बाजूला घेतलं आणि विचारलं, "या राहतात कुठे?" त्याने सांगितलं. "तिथे परत न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "घर नाही का तुम्हाला?"

घर होतं! ट्रेलरच्या दारापासून वीस पावलांवर होतं, चार खोल्यांचं. त्याच्या बापाने बांधलेलं नव्हे, कुणी दिलेलं नव्हे, त्याने आणि इनेझने पगारातून फेडलेलं! आणि आपलाच माणूस हवा या हट्टापायी त्याने ते चौदा महिने बुरशीला देऊन टाकलं होतं. इस्पितळाच्या पायरीवर बसून वर्लिन लहान मुलासारखा रडला. मग त्याने डेलला फोन लावला.

"डेल, तू बाजूला हो."

"पारँ, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही रे. माझं चुकलं."

मिस ओडीलनी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. डेलच्या जागी बॅटन रूजचे एक निवृत्त इंजिनिअर आले. त्यांना या कामातून तासांच्या फीपलीकडे काही मिळणार नव्हतं. न्यायाधीशांनी पंच म्हणून उत्तरेकडच्या एक बाई नेमल्या, प्रूडन्स हॅटली. आयुष्यभर इमारती तपासण्याचं काम केलेल्या. पहिल्याच दिवशी वर्लिनने कॉफी पुढे केली, तर त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. "काम होईपर्यंत कुणाचंच काही घेत नाही मी. राग मानू नका." वर्लिनला राग आलाच.

पण दुपारी तो बघत राहिला. बाई माळ्यावर चढल्या. मग चटई अंथरून खांबांवर उभ्या घराखाली सरपटत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या फरशीखालचे कुजलेले वासे त्यांनी एकेक करून मोजले. ह्यूस्टनवाला कधी वाकलाच नव्हता. डेलने छपराच्या नादात वरच पाहिलं होतं. मग मागच्या बाजूला जाऊन बाईंनी विचारलं, "ही शेड डेलच्या यादीत आहे. ती वादळात पडली का?"

वर्लिनच्या जिभेवर 'हो' आलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आधीच्या वर्षीच कोसळली होती."

बाईंनी यादीतून शेड खोडली आणि फरशीखालचे वासे लिहिले.

नवव्या दिवशी निकाल झाला. ब्याऐंशी हजार. डेलच्या आकड्याहून नऊ हजारांनी कमी, कंपनीच्या आकड्याच्या अडीच पटींहून जास्त. शेवटी ह्यूस्टनवाल्यानेही सही केली, कारण डोळ्यांसमोरचे वासे नाकारायचे कसे?

इनेझ तोवर लाफायेतला बहिणीकडे होती. वर्लिनने तिला फोनवर सांगितलं, "झालं गं. नऊ दिवसांत झालं!"

 पलीकडे तिला धाप लागत होती.

"नऊ दिवसांत?"

"नऊ."

"मग आधी का नाही केलंस रे?"

त्यात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

जानेवारीत काम लागलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, छपराचे वासे चढले होते आणि स्वयंपाकघराची नवी फरशी घालायची होती, तेव्हा इनेझ बहिणीच्या घरीच वारली. परक्या खोलीत, परक्या पलंगावर. कोरडी भिंत तिला मिळाली, पण स्वतःची नाही.

माझ्या बंधुभगिनींनो, कंपन्या कमी आकडे लिहितात आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण न्याय हवा असेल तर निवाड्याच्या जागी आपला माणूस बसवू नका. आपल्या माणसाची जागा आपल्या शेजारी असते, आजारपणात, दुःखात, जेवणाच्या टेबलावर. दोघांमध्ये मोजायला बसणारा कुणाचाच नसावा. आणि तो वेळेवर बोलवावा, कारण घर वाट बघू शकतं, घरातलं माणूस नेहमीच बघू शकत नाही.

मार्चमध्ये गावातला रोलां सावॉय वर्लिनच्या नव्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याचंही कंपनीशी रकमेवरून अडलं होतं आणि पंच ठरत नव्हता.

"तुझ्या डेलला सांग ना, पंच म्हणून आम्हाला त्याचं नाव देऊ दे म्हणून. आपला माणूस आहे."

"नाही सांगणार."

"मग काय कोर्टाकडून परका आणू? त्याला काय पडलंय माझ्या घराचं?"

"काही पडलेलं नाही. म्हणूनच तो नीट मोजतो," वर्लिन म्हणाला. त्याने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं होतं, तिथेच तो थांबला. "रोलां, तुझी बायको कुठे आहे?"

"ट्रेलरमध्ये. कुठे असणार?"

वर्लिनने शेगडी बंद केली आणि खुंटीवरची टोपी काढली.

"ऊठ. कॉफी राहू दे. कोर्ट साडेचारला बंद होतं."