खुर्चीतला वास

“गरम पाणी ओतलंत, आणि वरून फिनेल,” मी म्हणाले.

त्या घरची सून चपापली. कोणी सांगितलं, असं तिने विचारलं. सांगायला कशाला हवं कोणी? दारातच कळलं होतं. गरम पाण्याने डाग धाग्यात पक्का बसतो, आणि फिनेल टाकलं की दुसऱ्याच कुत्र्याने हद्द आखली असं समजून घरचं कुत्रं पुन्हा तिथेच येतं. दहातली नऊ घरं हेच करतात आणि आगीतून फुफाट्यात पडली की मला बोलावतात.

लोक मला नाकवाली म्हणतात. माझी हरकत नाही. चौदा वर्षं इस्पितळात आया होते, त्यानंतरची सोळा वर्षं हेच काम. गालिचे, सोफे, गाद्या, लाकडी फरश्या. डाग कोणाचा, कधीचा, किती वेळा पडलेला, हे मी गुडघे टेकून वास घेतला की सांगते, आणि अजून एकदाही चुकलेले नाही. हे काही मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

खोली सासऱ्यांची होती आणि वास खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीला होता. कुत्रा बारा वर्षांचा. कायम दारात आडवा पडून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतो म्हणून त्याला हवालदार म्हणत. मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, मला बाजूला घेऊन सांगितलं की तीन आठवड्यांत तीनदा झालं, आता सहन होत नाही. दुपारी चारला प्राण्यांच्या आश्रमाची गाडी येणार होती. डाग कुत्र्याचा नसेल तर गाडी परत पाठवू, असं तो म्हणाला खरा, पण त्याचं ठरलेलं होतं. त्याला ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हातारे पलंगावर ताठ बसले होते. नोकरीत असताना दुकानदारांची वजनमापं तपासायचे. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसून घेत, असं सुनेनेच मला कौतुकाने सांगितलं. हवालदार त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता.

मी पडदे ओढले आणि निळ्या उजेडाची बॅटरी लावली. त्या उजेडात वाळलेला डाग चमकतो. फरशी साफ होती. खुर्चीचे चारही पाय कोरडे. डाग होता तो बैठकीच्या मधोमध, गोल, खाली फोमपर्यंत झिरपलेला. कुत्रा पाय वर करतो, असा बसून करत नाही. वाकून वास घेतला आणि उरलीसुरली शंका फिटली. त्यात औषधाच्या गोळ्यांचा वास होता. चौदा वर्षं वॉर्डात भांडी उचलताना मी तो वास घेतला आहे.

मुलाला आणि सुनेला मी थंड पाणी आणि जुने टॉवेल आणायला पाठवलं. मग हळूच विचारलं, “काका, लघवीच्या गोळ्या चालू आहेत ना?”

त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. “दुपारी बसल्याबसल्या डोळा लागतो. मग कळत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा सूनबाई त्याला ओरडली, आणि मी गप्प बसलो. एकदा गप्प बसलं की गप्पच बसावं लागतं, बाई.”

डॉक्टरांना सांगितलं तर गोळीची वेळ बदलून देतात, खुर्चीवर घालायला कापडासारखं दिसणारं जलरोधक आवरण मिळतं, हे सगळं मी भराभर सांगितलं. आणि म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही काही बोलू नका. मी बघते.”

सोळा वर्षांत मी एकही खोटा निकाल दिला नव्हता. पण कुत्राही जायला नको होता आणि म्हाताऱ्यांची लाजही. दोघं परत आली तेव्हा मी सांगून टाकलं की हवालदाराचं काही नाही, खिडकीतून मांजर येत असणार.

“तिसऱ्या मजल्यावर?” मुलाने विचारलं.

कधीकधी नाकही चुकतं, असं मी पुटपुटले, आणि ते शब्द तोंडात कडू लागले. मुलाने सुस्कारा टाकून खुंटीवरची साखळी काढली. फिरायला जायचं म्हणून हवालदार शेपटी हलवत उठला.

“ठेव ती,” म्हातारे म्हणाले. ते उभे राहिले होते. “बाईंचं नाक चुकलेलं नाही. त्यांना सगळं कळलंय, मला झाकायला खोटं बोलतायत. ते माझं आहे. तिन्ही वेळचं.” मग म्हणाले, “उभ्या जन्मात कोणाचं खोटं माप चालू दिलं नाही. स्वतःचं तीन आठवडे चालवलं.”

मला तर त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी उगाच बादलीवर वाकले. मुलगा साखळी हातात घेऊन तसाच उभा होता. सून बाहेर गेली. गाडी पाठवू नका, असं ती फोनवर सांगत होती. परत आली तेव्हा सासऱ्यांना एवढंच म्हणाली, “बाबा, मला ओरडायचंत तरी. त्याला उगाच बोलत राहिले मी.”

मग मी कामाला लागले. डाग खाणारं द्रावण फोमच्या तळापर्यंत मुरवलं, वर प्लास्टिक झाकलं, आणि दोन तासांनी ओलावा टॉवेलांनी दाबून काढला. आता खुर्ची गॅलरीत वाऱ्याला न्यायची होती. मुलाने एक बाजू धरली. दुसरी धरायला मी वाकले, तर म्हाताऱ्यांनी मला हाताने थांबवलं.

“माझी खुर्ची आहे,” ते म्हणाले.

मी बाजूला झाले. खुर्ची निघाली. मुलगा मागे न बघता उलट्या पावलांनी चालत होता. त्याची नजर वडिलांच्या पायांवर होती, आणि ते टाकतील तेवढंच पाऊल तो टाकत होता.