तिसरा प्रश्न

निहार सकाळपासून घाबरलेला होता. कँटीनमधली इडली त्यानं तशीच टाकून दिली होती. आज त्याचा सेमिनार, आणि ऐकायला बसणार नरसिंहराव सर. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा सेमिनार गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर बंगलोरहून गाशा गुंडाळून नागपूरला यायचं, काकांच्या सायकलच्या दुकानात बसायचं, असं बाबांनी दिवाळीतच बजावलं होतं. बाबा एकदा बोलले की बोलले.

आता या नरसिंहराव सरांचा एक नियम होता. पोरं वर्गात झोपा काढतात म्हणून त्यांनी फर्मान सोडलं होतं, की सेमिनार संपल्यावर वर्गातून निदान तिघांनी तीन प्रश्न विचारले पाहिजेत, नाहीतर बोलणारा नापास. हेतू चांगला हो, पण पोरं काय कमी बिलंदर! तुझ्या सेमिनारला मी विचारतो, माझ्या वेळी तू विचार, असा व्यवहार लगेच सुरू झाला. प्रश्न आपणच द्यायचा, उत्तर आपणच पाठ करायचं. वर्ग आधीसारखाच पेंगत राहिला, फक्त तिघं जण आळीपाळीनं जागे राहायचे.

निहारनं एक प्रश्न पुण्याच्या अजिंक्यला दिला होता, एक आपल्या रूममेटला आणि एक हयवदनला. विषय होता ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाश सोडून त्याबरोबर संदेश पाठवायचे. लायब्ररीतल्या मासिकातून त्यानं सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. समजलं होतं का? छे! कॉलेजात आल्यापासून त्याला धड काही समजलं नव्हतं, आणि समजावं असं वाटलंही नव्हतं. मार्क पडत होते, मग डोक्याला ताप कशाला?

प्रोजेक्टर लावताना त्यानं पाहिलं, तर हयवदनची जागा रिकामी. हा गडी रोज बंगलोरबाहेरच्या आनेकलहून यायचा, आणि नेमकी आजच त्याची बस कुठेतरी बंद पडलेली असणार.  निहार घडाघडा बोलत सुटला, पण डोळे सगळे दाराकडे. दार काही उघडलं नाही.

पहिला प्रश्न आला, दुसरा आला, पोपटासारखी उत्तरं देऊन झाली. मग तिसरा कुणी उठेना. अजिंक्यनं मान खाली घातली, त्याचा प्रश्न संपला होता. सरांनी पेनचं टोपण काढलं. काकांच्या दुकानातल्या रबराचा वास निहारच्या खरंच नाकात शिरल्यासारखा झाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला. निपाणीची क्षमा, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"तार वाकवली, तर वळणावर प्रकाश बाहेर का पडत नाही?"

हा प्रश्न निहारनं कुणालाच दिला नव्हता. भरल्या पंगतीतून कुणी उठून जावं, तसा सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला. निहारनं मासिकातली पानं मनातल्या मनात उलटीपालटी केली. तिथे काही नव्हतं.

"माहीत नाही, सर," तो कसाबसा म्हणाला.

सरांनी क्षमाला विचारलं, हा प्रश्न तुला कोणी दिला? म्हणजे बघा, त्यांना सगळं ठाऊक होतं! कोणीच नाही, मला खरंच कळलं नाही, असं ती म्हणाली.  मग सरांनी निहारला पास केलं आणि टोपण लावलं. नियम तीन प्रश्नांचा होता, उत्तरांचा नव्हता. निहारचा जीव भांड्यात पडला.

घंटा झाली, पोरं पांगली. क्षमा पुढच्या बाकावर येऊन बसली, सर खडू घेऊन फळ्याकडे गेले. निहार आपलं सामान गोळा करून सटकणार, तोच त्यांनी मान वळवली.

"वळणावर काय होतं ते हिला सांगतोय. तुला जाणून घ्यायचंय?"

पास तर तो झालाच होता. खोटं हो म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? पण तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. आपल्याला काय हवंय हेच आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि तो सकाळपेक्षाही जास्त घाबरला.